गावात आणि गावाला

गादीवालीचं तोंड म्हणजे तिच्या हातातलं दाभण. जाड, लांब आणि टोकाशी चकचकीत. एकदा गादीत शिरलं की पलीकडून निघाल्याशिवाय राहायचं नाही. लोक तिच्याशी बोलायचे ते जरा अंतर ठेवूनच. पण दुसऱ्यासाठी पाजळलेलं हत्यार कधीतरी आपल्याच बोटाला लागतं. तिला लागला तो एक शब्द, आणि शब्दही असा, की जो ती रोज सकाळी चूळ भरून झाली की बोलायची.

तिचं दुकान रस्त्यावरचं अगदी शेवटचं. त्याच्यापुढे ओढा, ओढ्यावर बुटका पूल, पुलापलीकडे वस्ती. दुकान शेवटी का, तर कापूस उडतो म्हणून. सासऱ्यानं कापूस पिंजायचं मशीन आणलं तेव्हा आधी चौकातच बसवलं होतं, थोरल्या मुलाच्या कापडाच्या दुकानाला लागून. समोर न्हाव्याकडे एक गिऱ्हाईक गालांना साबण लावून बसलं होतं. मशीन सुरू झालं, कापूस उडाला, साबणावर जाऊन बसला आणि चांगला तरणाबांड माणूस खुर्चीतल्या खुर्चीत म्हातारा झाला. चौकात एवढी बोंब झाली की मशीन लगेच गाडीवर घालून रस्त्याच्या टोकाला न्यावं लागलं. थोरल्याच्या वाट्याला चौक आला आणि धाकट्याच्या वाट्याला धूळ. गादीवाली ही त्या धाकट्याची बायको. चौकातल्या दुकानात गल्ल्यावर बसते ती तिची थोरली जाऊ.

मशीनच्या घरघरीनं धाकट्याचे कान केव्हाच गेले होते. माणूस गुणाचा. काही सांगा, आधी हसायचा आणि मग विचारायचा, काय म्हणालीस. त्यामुळे गादीवालीला नवऱ्याशी खासगीतलं असं काही बोलताच येत नसे. मीठ संपलं तरी ते पुलापर्यंत कळायचं.

तिचं माहेर म्हणजे ती पलीकडची वस्ती. लग्न झालं तेव्हा ती चालतच सासरी आली. पूल ओलांडला की सासर. मैत्रिणी चिडवायच्या, हिची पाठवणी म्हणजे अंगण झाडता झाडता जरा पुढे जाणं. ते तिला तेव्हा लागलं आणि पुढे जन्मभर लागत राहिलं. जिचं माहेर लांब, तिला सासरची म्हणून मिरवायला काही करावं लागत नाही. जिचं माहेर दारातून दिसतं, तिला रोज सिद्ध करावं लागतं. वस्तीतलं कुणी गादी घेऊन आलं की ही नाकाचा शेंडा वर करून सांगायची, आमच्या गावात अशी खोळ कुणी शिवत नाही. खोळ तीच शिवायची, ती गोष्ट वेगळी.

तर एक दिवस सकाळी एक ट्रक येऊन दुकानासमोर थांबला. त्यातून रस्त्याच्या कामाचा मुकादम उतरला आणि चार माणसांनी मिळून एक लांबलचक पत्र्याची पाटी उतरवून तिच्या भिंतीला टेकवली. शेवटची भिंत, सावलीतली, म्हणून तिथे. गादीवालीनं एकेक अक्षर लावत लावत पाटी वाचली. आपल्या गावाचं नाव, एवढ्या मोठ्या अक्षरांत, तेही आपल्या भिंतीला. तिनं मुकादमाला न मागता पाणी दिलं. हा मान तिच्याकडे फारसा कुणाला मिळत नसे.

मुकादम पाणी पिऊन म्हणाला की त्याला वरून एवढंच सांगितलंय, जिथून गाव सुरू होतं तिथे पाटी उभी करायची. गादीवाली म्हणाली, मग त्यात विचारायचं काय, पूल संपला की गाव. खणा खड्डा. मुकादम जरा घुटमळला. येताना चौकात कापडाच्या दुकानातल्या बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, गाव शाळेपासून.

शाळा तर दुकानाच्या बरीच अलीकडे, चौकाच्या बाजूला. गादीवालीनं विचारलं, मग शाळेच्या पुढचं काय. मुकादम म्हणाला, पुढचं सगळं वस्तीत धरतील. पत्ताही तोच पडेल.

तिच्या हातातला तांब्या हातातच राहिला. सासू गेली, सासरा गेला, नवऱ्याचे कान गेले, तेव्हा कुणी तिला माहेरी धाडलं नव्हतं. आता या वयात एक पत्रा धाडणार होता.

ती तडक चौकात गेली. थोरली गल्ल्यावर बसून एका गिऱ्हाइकाला चादर दाखवत होती. थोरलीचं बोलणं गोड. इतकं गोड की मुंग्या लागाव्यात. तिनं धाकटीला बसायला स्टूल दिलं आणि चादरीची घडी घालता घालता म्हणाली, शाळेपुढे आहे काय, सांग बरं. तुझा कापूस आणि सायकलवाल्याची जुनी टायरं. त्याला का कुणी गाव म्हणतं? आणि एवढं मनाला काय लावून घेतेस, उलट माहेरपण होईल. दुकानातली दोनचार माणसं हसली.

गादीवाली म्हणाली, "जाऊबाई, अख्खं गाव माझ्या गादीवर झोपतं."

हे तिला जसं म्हणायचं होतं तसं निघालं नाही. तिच्या मागोमाग आलेला मुकादम दारात उभा होता, त्याला एकदम खोकला आला. गिऱ्हाइकानं चादरीत तोंड घातलं. पण गादीवाली आपल्या शब्दाला मागे ओढणाऱ्यातली नव्हती. ती तशीच ताठ बसून राहिली, हसा काय हसायचं ते, पाठ मोडली की माझ्याकडेच याल.

मुकादमानं मग दोघींना हात जोडले. म्हणाला, मला भांडण नको. दोघींनी मिळून एका तोंडानं काय ते सांगा, मी तिथे खड्डा खणतो. मागे एका ठिकाणी अशीच पाटी कुठे लावायची यावरून लोक हमरीतुमरीवर आले आणि पाटी वर्षभर गोठ्यात पडून राहिली. गावातल्या गुरांना तेवढं कळलं आपण कुठले, माणसांना कळलं नाही. आता त्याला पुलाचे कठडे रंगवायचे होते. कठडे रंगवून होईपर्यंत काय ते ठरवा, म्हणाला. त्यानंतर त्याचा ट्रक पुढच्या रस्त्याला लागणार होता.

घरी येऊन गादीवाली एका गादीची कड शिवायला बसली. कड हे गादीतलं सगळ्यात चिवट काम. कड नीट बसली तर कापूस जागच्या जागी राहतो, नाहीतर गादी म्हणजे नुसता पोतंभर ढीग. शिवता शिवता तिच्या मनात आलं, गादीवर हात फिरवला की आंधळाही सांगेल, ही इथे संपली. गावाची कड कुठे असते? हा प्रश्न तिला उभ्या जन्मात कधी पडला नव्हता. गाव म्हणजे गाव. पाणी ओलं कशानं असतं, असं कुणी विचारतं का?

तिनं मशीनच्या आवाजावर आवाज चढवून नवऱ्याला विचारलं, अहो, गाव म्हणजे काय हो? तो हसला. म्हणाला, "भाव? तोच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखी पिशवी उचलली, चपला घातल्या, दारातून आत बघून ओरडली, "अहो, मी गावात जाऊन येते." आणि पायरी उतरली.

मुकादम पुलाच्या कठड्यावर काळा पट्टा ओढत होता. त्यानं कुंचला थांबवला. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच कुतूहल वाटलं असावं. तिथूनच त्यानं विचारलं, काकू, कुठे जाऊन येता?

"गावात," ती म्हणाली.

"मग हे गाव नव्हे?"

गादीवाली थांबली. आपलंच वाक्य तिला परत ऐकू आलं, जसं रिकाम्या विहिरीत ओरडल्यावर येतं. लग्न झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. रोज सकाळी, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, ती स्वतःच पुकारा करत आली होती की मी गावाबाहेरची आहे, आता आत जाऊन येते. थोरलीनं काहीच केलं नव्हतं. तिच्या तोंडानंच तिला पुलापाशी नेऊन बसवलं होतं.

ती पिशवी घेऊन परत घरात गेली. नवऱ्याला वाटलं, पावसाचं काही चिन्ह असेल.

असल्या गोष्टी रंगाच्या डब्यात राहत नाहीत. दुपारपर्यंत चौकात कळलं. थोरली म्हणे गल्ल्यावर बसून एवढंच म्हणाली, मी कुठे काय म्हणते, तीच म्हणते. गादीवालीनं त्या दिवशी घरात तो शब्द बंद केला. चौकात म्हणायचं, बाजारात म्हणायचं, न्हाव्याकडे म्हणायचं, पण गावात म्हणायचं नाही. नवऱ्याला हा हुकूम तीनदा ओरडून सांगितला. मग सायकलवाला रस्त्याच्या पलीकडून विचारायला लागला, की मलाही लागू आहे का.

त्या सायकलवाल्यानंच मग तिला वाट दाखवली, अर्थात नकळत. संध्याकाळी तिला पिशवी घेऊन निघालेलं बघून त्यानं सवयीनं विचारलं, गावात चाललात का, येताना माझ्यासाठी तंबाखू आणा. गादीवाली रागावायची ती थबकली. म्हणजे हाही म्हणतो. ठीक आहे, हाही शाळेच्या पुढचाच. मग शाळेच्या आतले काय म्हणतात?

शाळेला लागूनच, चौकाच्या अंगाला, शिंपिणीचं घर. म्हणजे थोरलीच्या हिशेबानं नक्की गावात. शिंपीण दारात बसून एका झग्याला काजं करत होती. गादीवालीनं तिच्याशी दोऱ्याच्या भावाच्या गप्पा काढल्या आणि उठता उठता म्हणाली, चल, जरा पाय मोकळे करू. शिंपीण म्हणाली, येते ना, मला गावात जायचंच आहे, बटणं संपलीत.

गादीवालीनं तिचा दंडच धरला. "अगं, तू राहतेस कुठे?"

"ही काय, इथे."

"मग गावात जायचंय म्हणजे कुठे जायचंय?"

शिंपिणीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तिनं एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या, शाळेकडे बघितलं, चौकाकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई."

आता गादीवालीच्या अंगात वारं शिरलं. पाटी, जाऊ, पत्ता सगळं क्षणभर मागे पडलं आणि नुसती चौकशी पुढे झाली. लहानपणी ओढ्यात खेकडा दिसला की कोणत्या दगडाखाली गेला ते बघायला ती अशीच एकेक दगड उचलत जायची. पुढचा दगड चौकातला. न्हावी तेव्हाच कुठूनसा येऊन वस्तरा धुवत होता. गादीवालीनं विचारलं, दुकान उघडं टाकून कुठे गेला होतास? तो म्हणाला, गावात एक दाढी होती, म्हाताऱ्यांना खाली उतरवत नाही.

"गावात म्हणजे?"

न्हाव्यानं वस्तऱ्यानंच वर दाखवलं. चौकामागून चढण लागते, वर जुनी आळी आहे, अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. ते गाव, तो म्हणाला. आम्ही काय, चौकातले.

समोरच कापडाचं दुकान. गादीवालीनं एकदा तिकडे बघितलं. थोरली गल्ल्यावर बसली होती, गावाच्या बाहेर. गादीवालीला इतकं बरं वाटलं की तिनं सायकलवाल्याची तंबाखू आपल्या पैशानं घेतली.

पण खेकडा अजून सापडला नव्हता. ती चढण चढून वर गेली. आळीच्या शेवटच्या घरात आप्पा झोपून होते. सगळ्यात म्हातारा माणूस, हाडं आणि आवाज एवढंच उरलेलं. अंगाखालची गादी तिनंच भरलेली, म्हणून तिला मज्जाव नव्हता. तिनं सवयीनं आधी गादी दाबून बघितली, कापूस कुठे गोळा झालाय का, आणि मग विचारलं, आप्पा, गाव कुठे आहे?

आप्पांनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, गाव होतं. संध्याकाळी या आळीत उभं राहून एक हाक मारली की सगळी आळी दारात यायची. आता हाक मारली तर सून येते आणि विचारते, काय झालं. गाव राहिलंय कुठे आता, नुसती घरं आहेत.

गादीवाली उतरणीला लागली तेव्हा तिला हसू येत होतं. सायकलवाल्याचं गाव शाळेपाशी, शिंपिणीचं चौकात, न्हाव्याचं आळीत, आणि आळीतल्या आप्पांचं कुठेच नाही. ज्याचं त्याचं गाव त्याच्या नाकापुढे दोन हात. तिच्याकडे थोरलीचं तोंड बंद करायला आता चांगला भरभक्कम बोळा होता. चौकातून जाताना तो घालावा असं वाटलंही. पण ती दुकानासमोरून सरळ पुढे गेली. कारण तिला एक खटकलं. कुणीच आत नाही हे कळलं, म्हणून ती आत आली असं थोडंच होतं? सगळ्यांच्याच पायाला चिखल आहे म्हणून आपले पाय धुतलेले ठरत नाहीत.

तेव्हा तिनं दुसरं टोक धरायचं ठरवलं. गावाला विचारून झालं होतं, आता वस्तीला विचारायचं. ही बाई आमची, असं कोण म्हणतं ते तरी कळेल.

सकाळी ती निघाली. नवऱ्याला काय ओरडून सांगावं हा प्रश्नच होता. बंद केलेला शब्द सोडून जवळ दुसरा नव्हता. शेवटी तिनं पुलाकडे बोट दाखवलं आणि निघाली. तो हसला.

माहेरी आता भावाची बायको होती. भाऊ शेतावर. वहिनीनं तिला दारात बघितलं आणि धावत आत जाऊन चांगली खुर्ची आणली, फडक्यानं पुसली, वर स्वतःच्या हातानं पुन्हा पुसली. "बसा वन्सं." गादीवालीला जमिनीवर बसायचं होतं, खांबाला टेकून, जिथे ती लहानपणी बसायची. तिथे आता खताची पोती होती. ती खुर्चीत बसली, गिऱ्हाइकासारखी. चहाचा कप स्वतः उचलून मोरीत ठेवायला गेली तर वहिनीनं हातातून काढून घेतला. असू दे वन्सं, तुम्ही कुठे. शेजारीण डोकावली तिला वहिनीनं सांगितलं, आमच्या वन्सं आल्यात, गावाकडच्या.

गादीवालीनं हळूच विचारलं, गावाकडच्या म्हणजे कुठल्या गं? वहिनीला प्रश्नच कळला नाही. पुलापलीकडच्या, ती म्हणाली. असं काय विचारता, बरं वाटत नाहीये का?

इथे तिचं कुणी नव्हतं असं नाही. पण मायेची माणसं पाहुणीला जपतात तशी जपत होती, आणि पाहुणी ही कुठल्याच घराची नसते. वहिनीनं राहायचा फारच आग्रह केला. एवढ्या वर्षांत तुम्ही एकदाही राहिला नाहीत, म्हणाली, नुसत्या दारातून ओरडून जाता. तेही खरंच होतं. घरातली एक गादी अगदी फळी झाली होती, ती गादीवालीनं उसवली, हातानं कापूस मोकळा केला आणि परत भरून दिली. तेवढं काम होतं म्हणून तिला तिथे श्वास घेता आला. ती राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुलावर आली तेव्हा कठडे रंगवून झाले होते. काळा, पांढरा, काळा, पांढरा. वाळले की नाही बघायला तिनं हात लावला आणि तळहातावर पांढरा पट्टा उमटला. म्हणजे दिवस भरले. पुलाच्या या तोंडाला ट्रक उभा होता, तिच्या दुकानासमोरच. पाटी ट्रकमध्ये चढवलेली. ट्रकच्या पलीकडून बोलणं ऐकू येत होतं. एक आवाज मुकादमाचा. दुसरा थोरलीचा.

थोरली चौक सोडून इथे आली होती. तिच्या पायाला रस्त्याच्या या टोकाची सवय नव्हती. एवढ्या वर्षांत कधी आली असेल तर आठवायला लागावं. गादीवाली ट्रकच्या मागच्या चाकाशी थांबली. मनात म्हणाली, आली, माझी पाठवणी करायला जातीनं आली.

मुकादम विचारत होता, काकू कुठे आहेत, त्यांच्याशिवाय मी काही खणणार नाही. एका तोंडानं सांगायचं ठरलं होतं.

"ती नाही," थोरली म्हणाली. "गावाला गेलीय."

आणि मग तिचं सुरूच राहिलं. म्हणाली, कालपासून घर टाकून गेलीय, या बहिऱ्याला सांगून गेली असेल तर यानं ऐकलं थोडंच. काल संध्याकाळी सायकलवाला सांगत आला तेव्हा कळलं. म्हटलं, दीर उपाशी असेल. काल डबा पाठवला, आज स्वतः घेऊन आले. तिला काही पोच नाही, गावाला जायचं तर चौकात एक शब्द टाकून जाता येत नाही? असती इथे तर एव्हाना तुमचं डोकं खाल्लं असतं. बघा, रस्ता कसा सुना सुना वाटतोय.

ट्रकमागे गादीवालीनं तळहातावरचा पांढरा पट्टा फळीला पुसला. पुसताना तिच्या डोक्यात काहीतरी जागच्या जागी बसलं, शेवटचा टाका ओढला की गादी बसते तसं. ती पुढे आली.

"जाऊबाई, कुठे गेले होते म्हणालात मी?"

थोरली दचकली. पण हार मानणारी नव्हती. "गावाला, म्हटलं. जळलं मेलं सांगून तरी जायचं."

"माझ्या गावी गेले, असं नाही म्हणालात."

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की परकं माणूस उठलं की आपल्या गावी जातं. लोक म्हणतात, आपल्या घरी गेलं, बरं झालं. गावाला जातं ते घरचं माणूस. तेच परत यायचं असतं. त्याच्याच नवऱ्याला डबा द्यावा लागतो." तिनं डब्याकडे बोट केलं. तो नवऱ्याच्या मांडीवर होता आणि नवरा मन लावून जेवत होता. "मी वस्तीतली असते, तर काल मी घरी गेले असते. गावाला कशाला जाईन?"

मुकादमानं कुंचला कानावर ठेवला. सायकलवाला चाक फिरवत होता, त्यानं ते हातानं थांबवलं, नीट ऐकू यावं म्हणून. थोरली डब्याकडे असं बघायला लागली, जणू त्यानंच चुगली केली. पण गल्ल्यावर बसणाऱ्या बाईजवळ सुटे नेहमी असतातच.

"मग रोज सकाळी बोंबलत गावात कशाला जातेस? हेही तुझ्याच तोंडचं."

गादीवालीनं आपल्या दुकानाकडे बघितलं, आणि दुकानापुढच्या ओसरीकडे, जिथे तिचा नवरा पाय पसरून जेवत होता.

"तो बघा, कुठे बसलाय? ओसरीवर. आता पाणी लागलं तर काय म्हणेल? घरात जाऊन पाणी आणतो, म्हणेल. म्हणून ओसरी काय शेजाऱ्याची होते?"

सगळ्यांनी ओसरीकडे बघितलं. आपल्याकडे एवढी माणसं का बघतायत हे नवऱ्याला कळेना. त्यानं हसून डबा पुढे केला.

थोरली हरली असं म्हणणारे लोक तिला ओळखत नाहीत. तिला हरण्यापेक्षा देणं जमायचं, आणि द्यायचं तर ती सगळ्यांना दिसेल असं द्यायची. ती मुकादमाकडे वळली.

"ऐकलंत ना? ओसरी, असं ती स्वतःच म्हणाली. मी म्हणाले नाही. ओसरी असेल तर घराची पाटी ओसरीच्या पुढेच लावतात. लावा पुलाशी." मग धाकटीकडे न बघता म्हणाली, "आणि तो डबा घासून पाठव. मागच्या वेळी तुझ्याकडून आला त्याला कापूस चिकटला होता."

"घासून कशाला, भरून पाठवते," गादीवाली म्हणाली. "रिकामा डबा परक्यांकडे जातो."

खड्डा पुलाशी खणला. पाटी उभी राहिली. मुकादम गेला, त्याचा ट्रक पुढच्या रस्त्याला लागला. गादीवालीला पहिले काही दिवस उगीच चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, तिच्या दारातून पाटी दिसत होती ती पाठमोरी. नाव सगळं त्या बाजूला, येणाऱ्याला दिसावं म्हणून. तिच्या वाट्याला नुसता करडा पत्रा, दोन खांब आणि बोल्टांची डोकी. एक दिवस दुपारी कुणी नाही असं बघून ती पुलावर गेली, वस्तीकडच्या बाजूला, मागे वळून उभी राहिली आणि अक्षर लावत लावत तिनं नाव पुन्हा वाचलं. मग परत आली. ते नाव वाचायला बाहेरच जावं लागतं, हे तिला जरा गमतीचं वाटलं. पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिच्या तोंडाला विश्वास ठेवण्यासारखं वळण अजून लागलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी उचलली, चपला घातल्या आणि बऱ्याच दिवसांनी मोकळ्या गळ्यानं दारातून आत ओरडली, "अहो, मी गावात जाऊन येते."

मशीन घरघरत होतं. नवरा हसला. मग त्याचा चेहरा उतरला.

"गावाला? परत?" तो म्हणाला. "मग चौकात वहिनीला डब्याचं सांगून जा."